विमानात कुत्रं काऊन भुकते?

मे महिन्यात आमच्या मोठ्याईला नातीच्या लग्नासाठी नागपूरहून पुण्याला न्यायचं होतं आणि तिचं एकच टुमणं, मी त्या विमानात काही बसत नाही बापा, तू आपलं ट्रॅव्हल्सचं तिकीट काढ. जून 2025 मध्ये अहमदाबादला ड्रीमलायनर पडलं तेव्हा टीव्हीवर तो व्हिडिओ दिवसभर चालू होता, तो तिनं किती वेळा पाहिला देव जाणे, विमानातल्या 242 पैकी 241 गेले हे तिला तोंडपाठ आहे.

मी पण मग हुशारी करत आकड्यांवर आकडे फेकले. एमआयटीचे प्राध्यापक अर्नॉल्ड बार्नेट यांनी हिशोब मांडलाय, 2018 ते 2022 या काळात जगभरात साधारण 1 कोटी 37 लाख वेळा माणसं विमानात चढली तेव्हा एक मृत्यू, आणि 1968 ते 1977 मध्ये हेच प्रमाण साडेतीन लाखांना एक होतं. आपल्या देशात रस्त्यावर मात्र एकट्या 2022 मध्ये 1 लाख 68 हजारांवर लोक गेले. शिवाय 1 जुलै 2023 ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ जळालेली ट्रॅव्हल्स नागपूरहून पुण्यालाच तर चालली होती, 25 जण गेले त्यात. मोठ्याईनं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "हो, पण ते खाली होती नं."

तेव्हा हसलो मी. पण नंतर वाटलं, बाई चुकीचं नाही बोलत आहे. ट्रॅव्हल्समध्ये ड्रायव्हर दिसतो, फारच पळवत असेल तर 'भाऊ, जरा हळू घे' म्हणता येतं, कोणता आवाज गिअरचा आणि कोणता टायरचा हे ऐकून ऐकून माहीत असतं. विमानात यातलं काहीच नाही, प्रत्येक आवाज नवा आणि नवा आवाज म्हणजे काहीतरी बिघडलं. मग ठरवलं की आकडे बंद, होणारा प्रत्येक आवाज आधीच सांगून टाकायचा.

सुरुवातच कुत्र्यानं झाली. विमान पार्किंगमधून मागे ढकललं, इंजिन सुरू व्हायला लागली आणि पायाखालून भुंकल्यासारखा, म्हणाल तर आरीनं लाकूड कापल्यासारखा आवाज. "काऊन रे, खाली कुत्रं कोंडलं का?" एअरबस ए320 जातीच्या विमानात हे कुत्रं असतंच. ब्रेक, चाकं, पंखाचे फ्लॅप्स म्हणजे मागच्या कडेच्या बाहेर सरकणाऱ्या पट्ट्या, हे सगळं तेलाच्या दाबावर म्हणजे हायड्रॉलिकवर चालतं आणि त्याच्या तीन वेगवेगळ्या लाइनी असतात. त्यातल्या दोन लाइनींच्या मध्ये एक पंप बसवलाय, एकीकडे दाब कमी पडला की तो दुसरीकडच्या दाबाच्या जोरावर तो भरून काढतो, आणि हे काम थांबून थांबून करतो म्हणून भुंकल्यासारखं वाटतं. दुसरं इंजिन सुरू होताना किंवा एकाच इंजिनवर टॅक्सी करताना म्हणजे जमिनीवर चालताना हमखास ऐकू येतं. म्हणजे आवाज बिघाडाचा नाही, जोडीला राखणदार आहे त्याचा.

मग सोनेगावच्या म्हणजे नागपूर विमानतळाच्या रनवेवर विमान धावलं ते धावतंच राहिलं. 45 डिग्रीत हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनचा जोरही उतरतो, त्यामुळे थंडीत लागतो त्यापेक्षा जास्त रनवे उन्हाळ्यात लागतो आणि हे गणित पायलट आधीच करून बसलेले असतात.

पण सगळ्यात जास्त लोकं घाबरतात ते यानंतरच्या मिनिटात, आणि त्याची गंमत कुणी सांगतच नाही. हजार-पंधराशे फुटांवर गेलं की पायलट इंजिनचा जोर मुद्दाम कमी करतात, टेकऑफची ताकद आता नको असते. मग नाक थोडं खाली घेतात म्हणजे वेग वाढतो आणि फ्लॅप्स आत घेता येतात. आपल्या कानाच्या आत एका चिकट थरावर क्षाराचे बारीक कण बसलेले असतात, वेग वाढला की ते मागे सरकतात आणि डोकं मागे कललं तरी मागेच सरकतात, दोन्हींतला फरक त्यांना कळत नाही. त्यामुळे जोर कमी झाला की ते पुढे येतात आणि मेंदूला निरोप जातो, चाललो खाली! विमान मात्र अजून वरच चढत असतं. मी सांगितलं होतं तरी मोठ्याईनं माझा हात करकचून धरला, पण ओरडली नाही, नुसतं विचारलं, "हेच का ते?"

आता माझी चूक. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून मी भर दुपारचं काढलं होतं. मे महिन्यात दुपारी नागपुरात जमीन तव्यासारखी तापते, गरम हवेचे लोट वर उठतात, याच लोटांवर घारी पंख न हलवता गोल गोल फिरत राहतात आणि त्याच लोटांतून विमानाला जावं लागतं. सकाळची फ्लाइट त्या मानानं बरीच शांत असते, जमीन तापलेलीच नसते. अशा हादऱ्यांमध्ये विमान शंभर फूट पडलं असं वाटलं तरी बहुतेक वेळा ते काही फूटच वरखाली होतं. पंखाचं म्हणाल तर आयुष्यात जास्तीत जास्त जेवढा भार येईल त्याच्या दीडपट भार टाकून कारखान्यात तपासतात, 2010 मध्ये बोइंग 787 चा पंख असाच वाकवला तेव्हा त्याचं टोक साधारण 25 फूट वर गेलं होतं. पंख हलतोय तेच बरं आहे.

मग धोका कशाचा? बेल्ट सोडून बसण्याचा. 21 मे 2024 ला लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या विमानात म्यानमारवर जबर झटका बसला, एक प्रवासी दगावला, कित्येक जखमी झाले. बातम्यांमध्ये सहा हजार फूट पडलं म्हणत होते, चौकशीत निघालं की झटक्यात विमान 178 फूट खाली आलं होतं. पण ते इतक्या कमी वेळात की बेल्ट नसलेली माणसं छताला जाऊन आपटली. म्हणून बेल्टची लाइट बंद झाली तरी बेल्ट सैल का होईना, लावूनच ठेवायचा.

"आणि दोन्ही इंजिन बंद पडले तं?" हा प्रश्न येणारच होता. दगडासारखं पडत नाही, घारीसारखं तरंगत उतरतं. 2001 मध्ये अटलांटिकवर एका एअरबस ए330 चं सगळं इंधन गळून गेलं, दोन्ही इंजिन बंद, तरी ते सुमारे 19 मिनिटं तरंगत अझोर्स बेटांवर येऊन उतरलं. 306 जण होते, सगळे वाचले.

हे ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली, मग खिडकीकडे बोट दाखवून म्हणाली, "मंग हे छिद्र काऊन ठेवलं? हवा नाही का जाणार?" हे मात्र मी सांगायचं विसरलो होतो. खिडकीला थर असतात, बाहेरचा थर दाब पेलतो, मधल्याला ते बारीक छिद्र असतं म्हणजे केबिनचा दाब बाहेरच्यावरच पडतो आणि मधला थर राखीव राहतो, शिवाय काचेवर धुकं धरत नाही. खिडक्यांचे कोपरे गोल असतात त्यालाही कारण आहे. 1954 मध्ये कॉमेट नावाची दोन जेट विमानं हवेतच फुटली होती, मग एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्यात पुन्हा पुन्हा दाब भरला, तेव्हा कळलं की कोपऱ्यांपाशी ताण साठून धातूला तडा जातो.

कॉमेटचं तिनं ऐकलंच नाही बहुतेक. छिद्राभोवती बर्फाची बारीक नक्षी धरली होती, चष्मा वर करून ती तेच पाहत बसली.