दुकानाचे एसएमएस अडतात कुठे? डीएलटी नोंदणी आणि नाकारले जाणारे अर्ज

‘तुमचं ब्लाऊज शिवून तयार आहे’ एवढाच निरोप शे-दोनशे गिऱ्हाइकांना एकगठ्ठा पाठवायचा असला, तरी आधी डीएलटीवर, म्हणजे धंद्याचे मेसेज पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या मोबाइल कंपन्यांच्या पोर्टलवर, नोंदणी लागते. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनी ती सक्तीची केली. आपल्या दहा आकडी नंबरवरून धंद्याचे मेसेज पाठवू नका. २०२५ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या चुकीला १५ दिवस आउटगोइंग बंद होते, पुन्हा केलीत तर वर्षभरासाठी सगळे नंबर जातात.

नोंदणी जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल यांपैकी कुठल्याही एका पोर्टलवर केली की पुरते. फी पोर्टलनुसार बदलते. कागद मोजकेच: पॅन, व्यवसायाचा पुरावा, लेटरहेडवर सही-शिक्क्याचे अधिकारपत्र आणि ज्याच्या नावे ते दिले त्याचे ओळखपत्र.

अर्ज अडतो तो नावावर. एकट्या मालकाचे दुकान असेल तर पॅनवर मालकाचे नाव असते आणि पाटीवर दुकानाचे. लोक सवयीने पाटीवरचे नाव टाकतात आणि अर्ज परत येतो. रकान्यात पॅनवरचेच नाव लिहा, अगदी स्पेलिंगसकट. दुकानाचे नाव जीएसटी प्रमाणपत्रात ‘ट्रेड नेम’ म्हणून आले आहे का, तेही पाहून ठेवा. पुढे हेडर (मेसेजवर दिसणारे पाठवणाऱ्याचे नाव) मागताना त्याचाच आधार लागतो.

दुसरी अडचण गुमास्त्याची, म्हणजे व्यवसायाचा पुरावा म्हणून लागणाऱ्या दुकान नोंदणीच्या दाखल्याची. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी दाखला मिळतच नाही, नुसती सूचना दिल्याची पावती मिळते. जो कागद सरकार देतच नाही, तो छोट्या दुकानदाराने आणायचा कुठून? जीएसटीही नसेल तर आधी उद्यम प्रमाणपत्र (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे) काढा. ते फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका.

हेडर म्हणजे पाठवणाऱ्याच्या जागी दिसणारी सहा अक्षरे. ती दुकानाच्या नावाशी जुळली पाहिजेत.

टेम्प्लेटला, म्हणजे आधी मंजूर करून घ्यायच्या मेसेजच्या साच्याला, मात्र वेळ द्या. मंजूर मजकुरात फक्त ठरवलेल्या रिकाम्या जागा बदलता येतात, बाकी एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी मेसेज अडतो. मजकुरात दुकानाचे नाव हवेच. मराठी मजकूर असेल तर ‘युनिकोड’ निवडा. इंग्रजीत एका एसएमएसला १६० अक्षरे बसतात, देवनागरीत ७०. आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. १ ऑक्टोबर २०२४ पासून लिंकसुद्धा आधी मंजूर करून घ्यावी लागते, अगदी दुकानाच्या नकाशाची असली तरी.

सगळे मंजूर झाल्यावरही मेसेज जात नाहीत, तेव्हा माणसे रडकुंडीला येतात. बहुतेक वेळा एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीला पोर्टलवर जोडायचे राहिलेले असते. डिसेंबर २०२४ पासून दुकान ते ही कंपनी अशी साखळी अपुरी असेल तर मेसेज सुटतच नाही. कंपनीकडून तिचा टेलिमार्केटर आयडी (डीएलटीवरचा तिचा नोंदणी क्रमांक) मागा, पोर्टलवर जोडणीची विनंती टाका आणि त्यांच्याकडून ती मंजूर झाल्याची खात्री करूनच एसएमएस पॅकचे पैसे भरा.