ओटो कॅटफिश म्हणजे माशांच्या टाकीचा सफाई कामगार नव्हे

"टाकीत ओटो सोडा, शेवाळ आणि माशांची विष्ठा दोन्ही साफ, वेगळं खायला घालायला नको." सोलापुरात हा समज अजून पक्का आहे. तो चुकीचा आहे आणि ४ सेंटीमीटरचा हा छोटा मासा त्यापायी उपाशी मरतो.

ओटो विष्ठा खात नाही. काचेवरचं, पानांवरचं मऊ शेवाळ आणि सूक्ष्मजीवांचा पातळ थर तो खरवडून खातो. नव्या टाकीत हा थर नसतोच. त्यात बहुतेक ओटो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतून पकडलेले. एवढ्या प्रवासात त्यांची उपासमार होते. म्हणून घेताना पोट बघा. खपाटीला गेलं असेल तर घेऊ नका.

टाकी काही महिने मुरलेली, म्हणजे हा थर धरलेली हवी, ओटो निदान सहा. सोडण्याआधी टाकीचं पाणी ते ज्या पाण्यातून आणले त्यात थेंबाथेंबानं मिसळा. उकळत्या पाण्यातून काढलेली काकडीची चकती किंवा पालकाचं पान पहिल्या दिवसापासून द्या, उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा. नळाचं पाणी क्लोरीन घालवूनच वापरा.

आपला उन्हाळा ४० अंश ओलांडतो. ओटोला २२ ते २६ मानवतं. एप्रिल-मेमध्ये नवे ओटो आणूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.