बेकारीमुळेच तरुण फुटीरतावादाकडे वळतात का?

फुटीरतावादी चळवळीत जाणारे तरुण अशिक्षित आणि बेकार असतात, म्हणून रोजगार दिला की प्रश्न मिटतो, हा समज जुना असला तरी अपुरा आहे. स्पेनमधील 'एटा' ही सशस्त्र फुटीरतावादी संघटना 1959 मध्ये विद्यार्थ्यांनी स्थापन केली, तीही बास्क या उद्योगसंपन्न प्रदेशात.

श्रीलंकेचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे 1970च्या दशकाच्या प्रारंभी वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशासाठी तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्यांना सिंहली माध्यमाच्या विद्यार्थ्यांपेक्षा अधिक गुण आवश्यक ठरवले गेले, आणि जाफना या तमिळबहुल भागातील शिकलेली पिढीच दुखावली. तिला नोकरी नसण्यापेक्षा अन्याय अधिक बोचत होता. सरकारने 1979 मध्ये दहशतवाद प्रतिबंधक कायदा आणून खटल्याविना 18 महिन्यांपर्यंत स्थानबद्धतेची मुभा घेतली. 1983च्या तमिळविरोधी हिंसाचारानंतर तर सशस्त्र गटांकडे तरुणांचा ओघ लागला. (बळजबरीने नेलेली मुलेही पुढे त्यांत होती, हे विसरता येत नाही.)

मिझोराममध्ये मात्र लष्करी कारवाई आणि गावांच्या सक्तीच्या पुनर्वसनानंतरही न शमलेला संघर्ष 1986च्या करारानंतर थांबला. बंडखोरांचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि 1987 मध्ये मिझोरामला राज्याचा दर्जा मिळाला.