टाकाऊ पदार्थांपासून जैवउत्पादन

कारखान्यातून बाहेर पडणारे सांडपाणी, वायू किंवा चोथा सूक्ष्मजीवांना खाद्य म्हणून देऊन त्यांच्याकडून इंधने, रसायने, प्रथिने वा जैवप्लास्टिक बनवून घेण्याची पद्धत. एरवी या जीवांना साखर किंवा स्टार्च पुरवावे लागते आणि त्यासाठी शेतजमीन अडकते. टाकाऊ मालात कार्बन आधीच हजर असतो.

कल्पना जुनी आहे. साखर कारखान्याच्या मळीवर यीस्ट आणि सायट्रिक आम्ल फार पूर्वीपासून तयार होते. मक्यापासून स्टार्च काढताना दाणे भिजवलेले पाणी उरते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत तेच आटवून पेनिसिलियम बुरशीला दिले, आणि पेनिसिलिनचे उत्पादन कित्येक पटींनी वाढले. असंख्य जीव वाचवणाऱ्या औषधामागे हे उरलेले पाणी होते, ही गोष्ट आवर्जून सांगायला हवी.

चीज करताना साधारण १० लिटर दुधामागे ९ लिटर निवळी उरते. ती नदीत सोडली तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. तिच्यात सुमारे ५ टक्के दुग्धशर्करा असते, पण पावाचे नेहमीचे यीस्ट ती पचवू शकत नाही; क्लुइव्हरोमायसिस मार्क्सियानस हे यीस्ट पचवते आणि अल्कोहोल बनवते. कचरा कोणाच्या हाती द्यायचा, यावर सगळे अवलंबून असते.

पोलाद कारखान्यांच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड माणसाला विषारी. सशाच्या लेंडीतून वेगळा केलेला क्लॉस्ट्रिडियम ऑटोइथॅनोजेनम हा जिवाणू मात्र त्यावर जगतो आणि इथेनॉल तयार करतो. चीनमध्ये २०१८ पासून हे व्यापारी प्रमाणावर होते. हा वायू पाण्यात जेमतेम विरघळतो, म्हणून टाकीत त्याचे अतिशय बारीक बुडबुडे सोडावे लागतात. असे इथेनॉल जाळले की कार्बन शेवटी हवेतच जातो. तोवर त्याने खनिज तेलाची जागा घेतलेली असते, एवढाच त्याचा लाभ, आणि तो खरा आहे.

खरी अडचण मालाच्या लहरीपणाची. बायोडिझेलच्या दर १०० किलोमागे सुमारे १० किलो ग्लिसरॉल निघते, पण त्यात मिथेनॉल, क्षार आणि साबण मिसळलेले असतात. त्यांचे प्रमाण प्रत्येक खेपेला बदलते, आणि एखाद्या खेपेत ते वाढले तर जिवाणूंची वाढ खुंटते. शुद्धीकरणाचा खर्च साखरेच्या किमतीपुढे गेला की कारखानदार पुन्हा साखरेकडे वळतो.