खून कशाला म्हणायचं?

भांडणात माणूस दगावला की पंचनामा व्हायच्या आधीच लोक म्हणतात, "आता तीनशे दोन लागणार." १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाच्या शिक्षेचं कलम १०३ झालं, पण लोकांच्या तोंडी अजून ३०२ च आहे. मात्र माणूस मेला म्हणजे ते लागलंच असं नसतं.

हयगयीने कुणाचा जीव गेला तर वेगळं कलम आहे, १०६. स्वसंरक्षणाच्या हद्दीत केलेला वार तर गुन्हाच ठरत नाही. खरी अडचण येते ती 'सदोष मनुष्यवध' आणि 'खून' यांच्यात. जीव घेण्याचा इरादा, मृत्यूचा संभव असलेली इजा करण्याचा इरादा किंवा आपल्या कृत्याने कुणी मरू शकतं याची जाणीव, यांतलं काहीही असलं की सदोष मनुष्यवध होतो. खून हा त्याच्याच पोटातला सर्वांत गंभीर प्रकार. म्हणजे प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध हा खून नसतो.

ही रेघ आखून देणारा एक निकाल १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने दिला. आरोपी गोविंदा अठरा वर्षांचा, त्याची बायको पंधराची. त्याने तिला लाथ मारली, पाठीत बुक्क्या घातल्या. ती खाली पडल्यावर छातीवर गुडघा रोवून तोंडावर बुक्क्या हाणल्या. डाव्या डोळ्यावर घाव बसला. कवटी फुटली नव्हती, पण मेंदूवर रक्त साकळलं होतं. कवटी ही बंद पेटी आहे. आत साकळलेल्या रक्ताला बाहेर वाट नसते, ते मेंदूलाच दाबत राहतं. मुलगी तिथेच किंवा थोड्याच वेळात मेली.

दोन न्यायाधीशांचं एकमत होईना, म्हणून प्रकरण न्यायमूर्ती मेलव्हिल यांच्याकडे गेलं. त्यांनी नेमका प्रश्न विचारला: या इजेने मृत्यूचा नुसता संभव होता, की 'निसर्गाच्या सामान्य क्रमानुसार' मृत्यू यायला ती पुरेशी होती? संभव असेल तर सदोष मनुष्यवध, पुरेशी असेल तर खून. मुठीच्या घावांनी एरवी माणूस मरतोच असं नाही, म्हणून गोविंदा खुनातून सुटला आणि फाशी टळली. कायद्याच्या तर्कात मला खोट काढता येत नाही. पण दीडशे वर्षं विद्यार्थी हा खटला पाठ करतात तो नवऱ्याच्या नावाने, त्या पंधरा वर्षांच्या पोरीच्या नव्हे, हे मला खुपतं.

दुसरा निकाल १९५८ चा, पंजाबातल्या विरसा सिंगचा. त्याने मारलेला भाल्याचा एकच घाव समोरच्याच्या ओटीपोटात बसला. आतड्याची वेटोळी बाहेर आली आणि जखमी माणूस सुमारे २१ तासांनी गेला. एकाच घावाला खून कसं म्हणायचं, असा बचाव होता. नागपूरच्या वकिलीतून आणि न्यायासनावरून सर्वोच्च न्यायालयात पोचलेल्या न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी तो मानला नाही. ही इजा जीवघेणी ठरेल हे आरोपीला ठाऊक होतं की नाही, हे बघायचं नाही, असं ते म्हणाले. बघायचं ते एवढंच, की जी जखम झाली तीच त्याला करायची होती का. अंगावर नुसता ओरखडा काढायला कुणी भाला इतका खोल खुपसत नाही. हात चुकून भलतीकडे लागला असं दाखवणारा पुरावा नसेल, तर इरादा जखमेवरूनच दिसतो. ती मृत्यूला पुरेशी होती का, हे मग डॉक्टरच्या साक्षीवरून तपासायचं.

म्हणून अशा खटल्यात शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला पिंजऱ्यात उभं करून विचारतात, "ही जखम सामान्य क्रमानुसार मृत्यू यायला पुरेशी होती का?" डॉक्टर नुसतं "मृत्यू येऊ शकला असता" म्हणाला, तर बचावाचा वकील तिथेच थांबतो, पुढचा प्रश्न विचारत नाही.