कोटाआडचे पिस्तूल आणि ‘लपलेले’ या शब्दाचा गुंता

अमेरिकेत सूटखाली पिस्तूल बाळगण्याची साधने ज्या क्रमाने बदलत गेली, त्यामागे पिस्तुलाच्या आकाराइतकाच कोटाचाही हात आहे. पुरुषाचा कोट दिवसभर अंगावर असे, तोवर काखेतले होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे म्यान, पुरत होते. आल्याआल्या कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवायची रीत पडली आणि पिस्तूल विजारीच्या आत, शर्टाखाली गेले. कायदाही याच सुमाराला सैल होत होता, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळून सांगितल्या जातात.

एकोणिसाव्या शतकाबद्दल थोडक्यात. तेव्हा उघड बाळगलेले हत्यार मर्दपणाचे आणि लपवलेले दगाबाजाचे मानले जाई. केंटकी आणि लुइझियानाने १८१३ मध्येच लपवण्यावर बंदी घातली. केंटकीची बंदी १८२२ मध्ये न्यायालयाने उडवली, तर १८५० च्या राज्यघटनेने अशी बंदी घालण्याचा अधिकार विधिमंडळाला देऊन टाकला. न्यूयॉर्कने १९११ मध्ये परवाना आणला आणि १९१३ मध्ये बाळगण्यासाठी ‘सबळ कारण’ दाखवण्याची अट जोडली. ही अट पुढे शंभरावर वर्षे टिकली.

खिशातल्या पिस्तुलांची नावे फसवी आहेत. १९०३ च्या प्रसिद्ध अमेरिकन पिस्तुलाला ‘हॅमरलेस’, म्हणजे बिनघोड्याचे, म्हणत, पण त्याला घोडा (आघात करून गोळी उडवणारा भाग) होता, फक्त स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, आत झाकलेला. कारण शिंप्याला लगेच कळेल असे आहे: बाहेर आलेला घोडा खिशाच्या अस्तरात अडकतो. १९०८ मध्ये पॉइंट २५ बोअरचे, जाकिटाच्या खिशात मावणारे पिस्तूल आले. १९२७ मध्ये दोन इंची नळीचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर आणि १९५० मध्ये पाच गोळ्यांचे. एक गोळी कमी केल्याने सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचा फिरता नळा, बारीक झाला, आणि कोटाखाली जाणवते ती जाडी, लांबी नव्हे. उलट १९६८ च्या कायद्याखालच्या निकषांनी आयात पिस्तुलाला किमान चार इंच उंचीची अट घातली. जर्मन ‘पीपीके’ पिस्तूल त्यात थोडक्यात नापास झाले, म्हणून त्याची स्लाइड मोठ्या भावंडाच्या सांगाड्यावर बसवून ‘पीपीके/एस’ बनवण्यात आले. लपवायला सोयीचे म्हणून जे विकले जात होते, नेमके तेच कायद्याने अडवले.

१९८७ मध्ये फ्लॉरिडाने अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला लपवून बाळगण्याचा परवाना द्यायचे ठरवले आणि एकेक राज्य त्याच वाटेने गेले. १९९४ ते २००४ या काळात नव्या मॅगझीनवर, म्हणजे पिस्तुलातल्या गोळ्यांच्या पेटीवर, दहा गोळ्यांची मर्यादा होती. दहाच मिळणार तर पिस्तूल मोठे कशाला, हा विचार तेव्हा रुजला. मर्यादा गेली, लहान पिस्तुले राहिली.

खरा घोळ झाला तो ‘लपलेले’ या शब्दाचा. टेक्ससच्या १९९५ च्या कायद्यात व्याख्या अशी: समंजस माणसाच्या सामान्य नजरेला ज्याचे अस्तित्व उघडपणे ओळखू येत नाही ते लपलेले. व्याख्येत फुगवटा हा शब्दच नाही. तरीही कापडावर पिस्तुलाचा आकार उमटणे, ज्याला ‘प्रिंटिंग’ म्हणतात, हा गुन्हाच आहे असे परवान्याच्या वर्गावर्गांतून शिकवले गेले. याला निमित्त दुसऱ्या कलमाचे होते. परवानाधारकाने ‘जाणूनबुजून लपवण्यात कसूर करणे’ हा गुन्हा होता. आता वाऱ्याने कोटाचा पदर उडाला, किंवा वरच्या फळीवरून फाइल काढताना कंबर दिसली, तर ती कसूर की अपघात? शब्द ‘जाणूनबुजून’ असला तरी वाद घालायची वेळ यावी असे कोणालाच वाटत नव्हते. २०१३ मध्ये शब्दरचना बदलून ‘जाणूनबुजून उघड दाखवणे’ असे झाले. फ्लॉरिडाने २०११ मध्येच क्षणभर दिसण्याला गुन्ह्यातून वेगळे काढले होते. २०१६ पासून टेक्ससमध्ये परवानाधारकाला होल्स्टरमध्ये उघड बाळगताही येऊ लागले. एवढे होऊनही प्रिंटिंगची धास्ती गेलेली नाही, आणि निम्मी होल्स्टरे त्याच धास्तीवर खपतात. धास्तीचा एक फायदा मात्र मान्य करावा लागेल: शिवणकाम सुधारले.

कोट काढला तरी चालेल असे होल्स्टर १९९० च्या दशकात रुळले. त्यात होल्स्टर आणि बेल्टला धरणारी क्लिप यांच्यामध्ये खोल फट असते. बेल्ट आवळून झाला की शर्ट त्या फटीत खोचायचा आणि दोनतीन सेंटिमीटर वर ओढून सैल सोडायचा. बाहेर फक्त क्लिप दिसते. इथेच धोका आहे. पिस्तूल परत घालताना शर्टाची घडी चापाच्या कड्यात शिरली तर गोळी सुटू शकते. म्हणून शर्ट खोचलेला असताना पिस्तूल अंगावर परत घालू नये. होल्स्टर काढून, डोळ्यांसमोर धरून, त्यात पिस्तूल बसवावे आणि मग दोन्ही एकत्र कमरेला लावावे.

बेल्ट ही दुसरी अडचण. औपचारिक बेल्ट साधारण ३० ते ३२ मिलिमीटरचा आणि मऊ असतो, तर बहुतेक क्लिपा ३८ मिलिमीटरसाठी घडवलेल्या असतात. सहाशे-सातशे ग्रॅम वजनाने मऊ बेल्ट पिळतो, क्लिप वरखाली हलते आणि मूठ बाहेर कलते. सहसा उमटते ती मूठच. ती आत वळवायला होल्स्टरला बेल्टच्या मागे टेकणारा पंजा आणि खालच्या टोकाला फोमची पाचर लावतात. होल्स्टर नळीपेक्षा थोडे लांब असेल तर तरफेसारखे काम होऊन वरचा भाग अंगाला चिकटतो, म्हणून फार आखूड होल्स्टर घेणे उलटते. विजारीची कंबर इंच-दीड इंच वाढवून घ्यावी लागते.

कोटाचे माप पिस्तूल लावूनच द्यावे. त्या बाजूला काखेपासून कमरेपर्यंत सैलपणा हवा, आणि मूठ घासते तिथे अस्तराच्या आत मजबूत कापडाचा तुकडा, नाहीतर अस्तर लवकर फाटते. मागे दोन चिरा असलेल्या कोटाची चीर नेमकी कमरेवरच्या पिस्तुलावर उघडते. कमरेला बाळगणाऱ्याने मधली एकच चीर किंवा बिनचिरीचा कोट घ्यावा. बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या सुरकुत्या पडल्या तर कोट घट्ट आहे. जाड वुलन आणि गडद चौकड्या आकार गिळतात. उन्हाळी, बिनअस्तरी, फिकट कापड काहीच गिळत नाही. काखेतले होल्स्टर अजून वापरात आहे, पण पातळ कापडावर खांद्याचा पट्टा उमटतो आणि कोट काढता येत नाही. डिनर जॅकेटच्या विजारीला बेल्टचे लूप नसतात, गॅलिस असतात. तिथे पोटाला रुंद इलॅस्टिक पट्टा किंवा खिशातले होल्स्टर एवढेच उरते. खिशात चाप झाकणारे होल्स्टर हवे आणि दुसरे काहीही नको, किल्लीसुद्धा नाही.

२०१८ मध्ये जेमतेम इंचभर जाडीत दहा गोळ्या मावणारे पिस्तूल बाजारात आले आणि रिव्हॉल्व्हरवाल्यांचा बराचसा युक्तिवाद संपला. जून २०२२ मध्ये देशातल्या सर्वात वरच्या न्यायालयाने न्यूयॉर्कची ‘सबळ कारण’ ही अट रद्द केली. २०२४ पर्यंत २९ राज्यांत परवान्याशिवाय लपवून बाळगता येऊ लागले होते. न्यूयॉर्कने मात्र १ सप्टेंबर २०२२ पासून, जिथे पिस्तूल नेता येत नाही अशा ‘संवेदनशील ठिकाणां’ची यादी लागू केली. तिच्यावर खटले झाले. यादीत नाट्यगृहे होती, परिषद केंद्रे होती आणि मेजवानीचे हॉलही होते.