हाड बसवणारा आणि ऑस्टिओपॅथ: 'कट्ट' वाजलं म्हणजे नेमकं काय बसलं?

जळगावात मेहरूण तलावाच्या काठी सकाळी चालायला जा. महिन्यातून एकदा तरी कानावर पडतंच, "ऑस्टिओपॅथकडे जाऊन हाड बसवून आलो." मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. ऑस्टिओपॅथ म्हणजे हाताने दाबून-ताणून सांधे आणि स्नायू मोकळे करणारा. तो हाड बसवत नाही.

हाड बसवणारा कोण, हे खानदेशात कुणाला सांगायला नको. शेतात पडलो, मनगट सुजलं की तेल, बांबूच्या कामट्या आणि करकचून पट्टी. माझं म्हणणं एवढंच, की आधी एक्स-रे काढा. पट्टी बांधल्यावर बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

नावांचा गोंधळही पटकन उरकू. ऑर्थोपेडिक म्हणजे हाडांचे सर्जन. ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. अमेरिकेत 'डीओ' ही ऑस्टिओपॅथीची पदवी असलेला माणूस पूर्ण डॉक्टर असतो, औषधं लिहितो, ऑपरेशनही करतो. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ हाताने उपचार करतो आणि १९९३ च्या कायद्यामुळे त्याला नोंदणी करावी लागते. आपल्याकडे पाटी दिसली तर मूळ पदवी कोणती ते सरळ विचारा. विचारल्याचा राग आला तर उठून या.

'ऑस्टिओ' म्हणजे हाड, तेव्हा नावात 'हाड' आहे हे खरं. अमेरिकेतल्या अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ही पद्धत मांडली, १८९२ मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिलला तिची पहिली शाळा काढली. शाळा काढण्याआधी हे गृहस्थ 'विजेच्या वेगाने हाड बसवणारा' अशी स्वतःची जाहिरात करत फिरायचे. म्हणजे घोळाची सुरुवात मूळ पुरुषापासूनच.

आता खरी मेख. माझ्याकडे एक गृहस्थ आले. वय ४८, जिनिंगमध्ये हिशेब बघतात, दिवसाचे नऊ तास खुर्चीत. एक जानेवारीला व्यायामाचा संकल्प केला. तिसऱ्या दिवशी पोलीस भरतीची पोरं सोळाशे मीटरचा सराव करत होती, हे त्यांच्यामागे धावले. कमरेत उसण भरली. पायाळू माणसाचा पाय लावून झाला. मग कुणीतरी पालथं झोपवून कंबर दाबली, 'कट्ट' वाजलं, बरं वाटलं. "बसला मणका," असं ऐकून ते घरी आले आणि महिनाभर पट्टा बांधून पडून राहिले. माझ्यासमोर बसताना दोन्ही हातांनी टेबल धरून, श्वास रोखून बसले. म्हणाले, "ताई, मनी कंबर परत दुखस. मणका सरकी गया वाटस."

मणका सरकलेलाच नव्हता, तर बसणार काय? सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा ताणला की आतला दाब उतरतो, त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. २०१५ मध्ये बोटाचा सांधा मोडताना चालू एमआरआयमध्ये हे टिपलं गेलंय. बोट मोडून बघा, लगेच पुन्हा मोडा. वाजणार नाही, वीसेक मिनिटं थांबावं लागतं. मग दर वीस मिनिटांनी हाड निखळतं आणि बसतं का?

'गादी सरकली' हेही तसंच. गादी फुगते, कधी फाटते, पण साबणाच्या वडीसारखी सटकत नाही. काहीही दुखत नसलेल्या कित्येकांच्या एमआरआयमध्ये फुगलेली गादी दिसते.

मग बरं का वाटतं? आखडलेले स्नायू सैल पडतात, दुखणं काही काळ उतरतं. कंबरदुखीत ऑस्टिओपॅथीचा फायदा होतो, पण तो माफक. त्या सवडीत तुम्ही काय करता, यावर पुढचं सगळं. हाड बसवलंय असं वाटणारा माणूस ते जपत बसतो, हलत नाही, आणि आणखी आखडतो. सांधा मोकळा झालाय हे कळलेला माणूस त्याच दिवशी चालायला लागतो. चांगला ऑस्टिओपॅथ कंबरेसोबत घोटा, खुबा, श्वास घेताना बरगड्या कशा हलतात तेही बघतो, आणि शेवटी चालायलाच सांगतो. "दर आठवड्याला बसवून घ्या" म्हणणारा भेटला तर मी तरी दुसरा शोधेन.

माझ्या गृहस्थांचा पट्टा पहिल्याच दिवशी काढला. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं सपाट रस्त्यावर चालायचं, वेग एवढाच की बोलता यावं पण गाता येऊ नये. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठबस. दर आठवड्याला प्रत्येक फेरीत दोन-तीन मिनिटं वाढवायची. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, पण तिथे पोचायची घाई नको. एप्रिल-मे मध्ये मात्र सकाळी सातच्या आत घरात. आपल्याकडचं ऊन कुणाचं ऐकत नाही. व्यायामानंतर दोन-तीन दिवस मांड्या ठणकणं चालेल. छातीत दुखलं, पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर ऑस्टिओपॅथ नको, मीही नको, थेट रुग्णालय. आणि हाडं ठिसूळ झालेल्या आजीला झटक्याची मोडतोड कुणीही करू नये.

आता ते ट्रॅकच्या दोन फेऱ्या मारतात, पट्टा कपाटात आहे. गेल्या रविवारी सलूनच्या काचेतून दिसले. दाढी झालेली, डोळे मिटलेले, आणि कारागिराने त्यांची हनुवटी आणि टाळू दोन्ही हातांत धरलेली. मी काच वाजवली.